तीन पिस्तुलं आणि गणपतीची रजा

आता काय सांगू, हातातला चहा आधी खाली ठेवा, नाहीतर अंगावर सांडेल. असा तोंडावर आपटलोय मी इथे बहरीनमध्ये!

आमचे बॉस अबू यूसुफ. त्यांना नेमबाजीचं भयंकर वेड! झल्लाक गावाकडच्या त्यांच्या क्लबला नवी पिस्तुलं घ्यायची होती आणि कुणाची घ्यावीत, यावर गाडं दोन कंपन्यांपाशी अडलं होतं. नेमका तेव्हाच मी गणपतीची रजा मागायला केबिनमध्ये शिरलो.

"सब कंपनी बोलता, मेरा माल नंबर वन," ते करवादले. "टेस्ट रिपोर्ट मांगा, तो मफी, कुछ नहीं!"

गप्प बसायचं ना मी? पण पडलो क्वालिटी इंजिनीअर, त्यातून पुण्याचा!

"सर, रिपोर्ट छोडो. मैं चलाके बताता है."

जत्रेतले फुगे सोडले तर आयुष्यात कशावर नेम धरला नव्हता हो!

"सही बताया तो छुट्टी पक्का, इंशाल्ला," बॉस म्हणाले.

शुक्रवारी क्लबवर गेलो. बायको वैशालीही सोबत आली. पहिल्या कंपनीचं नमुन्याचं पिस्तूल उचललं. ठो! दुसरी गोळी अडकली. मोकळी करून घेतली, पुन्हा अडकली. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "खलास, सर! भंगार ब्रँड!"

बॉसनी तिथूनच दुकानदाराला फोन लावला. "कॅन्सल! यल्ला, जल्दी!"

दुसऱ्या कंपनीचं घेतलं. तेही अडकलं. त्यांनाही कॅन्सलचा फोन गेला. मग त्यांनी स्वतःचं लाडकं पिस्तूल दिलं. तेही अडकलं!

"सर, गुस्सा मत करो, लेकिन ये भी भंगार…"

बॉसचा चेहरा असा काही झाला की माझा बाप्पा मला पुण्याहून टाटा करताना दिसला.

"अहो, द्या इकडे," वैशाली म्हणाली. कॉलेजात ती नेमबाजीच्या टीममध्ये होती. लग्नाआधी सांगितलंही होतं म्हणे, पण मी ऐकतो कुठे! तिन्ही पिस्तुलं तिने धडाधड चालवली. एकही अडकलं नाही.

"मनगट किती ढिलं सोडता हो! म्हणून अडकतंय. घरी पिठाचा डबाही असाच धरता आणि मग ओटाभर पीठ!"

तिने माझं ढिलं मनगट हातवारे करून बॉसना दाखवलं. बॉस पोट धरून हसले. "तीन पिस्तूल पास, एक इंजिनीअर फेल!"

"सर… आणि छुट्टी?"

"मंजूर! खराब पीस है, कंपनी को वापस भेजता."

मी आनंदाने आईला फोन करून सगळं सांगितलं.

"ये की," आई म्हणाली, "पण वैशालीला सांगून ठेव. एकदा दिलेला माल परत घेतला जाणार नाही!"