आजोबांच्या पानावरची विडी

अन्याय माझ्या बापावर झाला. गेल्या वर्षीच्या सर्वपित्री अमावास्येला, भर दुपारी, भांडुपला आमच्याच घरी. करणारे त्याचा सख्खा मोठा भाऊ आणि सख्खी बहीण. आजोबांच्या पानावर ठेवायची विडी त्यांनी त्याला ओढून पेटवायला लावली. बाबाने शिमग्यापासून सिगारेटला हात लावला नव्हता, आणि हे त्या दोघांनाही नीट माहीत होतं.

पत्रकं मी बरीच लिहिली आहेत. पाण्यासाठी, फुटपाथसाठी, शाळेच्या फीविरुद्ध. पत्रकात माणसं सरळ दोन बाजूंना उभी असतात. इथे दोन्ही बाजूंना माझेच लोक आहेत, त्यामुळे जरा सावकाश सांगावं लागेल.

बाबा गावाहून मुंबईत आला तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं. कारखान्यात हेल्पर म्हणून लागला. जे ओढायचे त्यांना मधेमधे बाहेर जायला मिळायचं, जे ओढत नसत ते मशीनजवळच बसायचे. म्हणून मी ओढायला लागलो, असं तो सांगतो. पुढे फिटर झाला, लग्न झालं, मी झाले, कारखाना जाऊन तिथे टॉवर आला, बाबा एका ऑफिसात मेन्टेनन्सला लागला. सिगारेटचा ब्रँडसुद्धा बदलला नाही. डोळे उघडले की पहिली, संडासाच्या रांगेत दुसरी. आमच्या टेकडीवर अजून सार्वजनिक संडास आहे, आणि रांगेतल्या निम्म्या पुरुषांची पक्की समजूत आहे की धूर आत गेल्याशिवाय पोट साफ होत नाही. यावर त्यांच्याशी वाद घालून बघा. मी घातलाय.

कॉलेजात असताना आम्ही तंबाखूविरुद्ध एक पत्रक काढलं, त्यातलं एक मी घरात फ्रिजवर चिकटवलं. बाबाने चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"चांगलं लिहिलंयस गो," तो म्हणाला. "पण केवढं मोठं! वाचून होईपर्यंत एक सिगारेट संपली."

आई हसली. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

मग पायाचं दुखणं सुरू झालं. आमचं घर टेकडीच्या वरच्या अंगाला आहे, रिक्षा खालीच सोडते. बाबा चढताना मधेच थांबायला लागला. आम्हाला वाटलं दम लागत असेल, पण तो म्हणायचा, दम नाही, पोटरी आवळून येते. उभं राहिलं की सुटते, चालायला लागलं की परत. त्यात चपलेने अंगठ्याशेजारच्या बोटाला लागलं. ती एवढीशी जखम, भरेचना. शेवटी मी आणि आईने त्याला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने दोन्ही पायांवर बोटं ठेवून नाडी शोधली, मग मशीन लावून शोधली.

"काका, पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या बंद होत चालल्यात. सिगारेट बंद करायची."

"कमी करतो मॅडम."

"कमी नाही. बंद. एक ओढलीत तरी ती पायापर्यंत पोचते. सिगारेट ठेवा नाहीतर पाय ठेवा, माझ्याकडे तिसरं काही नाहीये."

येताना बसमध्ये बाबा एवढंच म्हणाला, "बाई कडक आहे ना?" पण घाबरला होता. पाय गेला तर टेकडीवरच्या घरात माणूस अडकूनच पडतो. आमच्या वरच्या गल्लीत तसे एक आजोबा आहेत, त्यांना खाली आणायचं तर चौघांनी खुर्ची उचलावी लागते.

शिमग्याला त्याने सोडली. होळीत पाकीट फेकायचं वगैरे नाटक केलं नाही. उरलेल्या सिगारेटी शेजाऱ्याला देऊन टाकल्या, त्यावरून मी भांडले. शेजाऱ्याचे पाय काय फुकट आलेत?

पुढचे दिवस आठवले की अजून अंगावर येतात. डॉक्टरने निकोटिनचं च्युइंगगम दिलं होतं, ते हळूहळू चघळायचं सोडून तो कचाकचा चावायचा, मग उचक्या. कुकरच्या शिट्टीवर ओरडायचा. संडासाच्या रांगेतून तसाच परत यायचा आणि आमच्याकडे असं बघायचा की हे आम्हीच केलंय. आईने इसबगोल सुरू केलं, सकाळी कोमट पाणी, आणि तिने मला बजावलं, "तू आता एक शब्द बोलायचा नाहीस. तुझं बोलणं ऐकून त्याला जास्त ओढावीशी वाटते." मला ते लागलं. पण मी गप्प राहिले, आणि गप्प राहणं मला येत नाही, हे मला ओळखणारा कोणीही सांगेल.

खालच्या नाक्यावर त्याची नेहमीची टपरी. ती टाळायला तो मागच्या पायऱ्यांनी लांबून उतरायचा. एकदा टपरीवाल्याने त्याला बाजारात गाठलं. "क्या काका, नाराज हो क्या मुझसे?" बाबा म्हणाला, "मैं नहीं, डॉक्टर नाराज है." हातांना काम हवं म्हणून त्याने घरातलं सगळं उघडून दुरुस्त केलं, मिक्सर, पंखा, मग शेजारच्यांची कुलपं. हळूहळू उचक्या गेल्या. पोटही ताळ्यावर आलं, धुराशिवाय. पावसाळ्यात एकदा आई सुकट भाजत होती, तर हा मालवणी माणूस नाकाला रुमाल लावून बाहेर जाऊन बसला. सुकटीला एवढा वास असतो, हे त्याला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं! गणपतीपर्यंत बोटाची जखम भरली होती आणि तो फक्त एकदा थांबून टेकडी चढत होता. पिशवी घेऊन.

आणि मग आली सर्वपित्री.

आमच्यात गेलेल्याच्या आवडीचं पानावर वाढतात. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, खीर हे सगळ्यांसाठी, आणि त्याशिवाय ज्याला जे लागायचं ते. आजोबांना विडी लागायची. त्यांच्या पानाच्या कडेला दरवर्षी एक विडी ठेवतात आणि ती पेटलेली असावी लागते. ज्याच्या घरी पान असेल त्याने ती ओढून पेटवायची, अशी रीत; पण काका-आत्या ओढत नाहीत, म्हणून त्यांच्याकडेही बाबाच पेटवायचा. घाटकोपरचे काका, मुलुंडची आत्या आणि आम्ही, असं पान फिरतं. गेल्या वर्षी पाळी आमची होती. एरवी बाबाला यात काही वाटायचंच नाही, उलट त्या दिवशी आईची बोलणी न खाता ओढायला मिळायची.

मी आईला आदल्या दिवशी विचारलं होतं, विडीचं काय? ती म्हणाली, "बघू गं, सांगू त्यांना." सांगायचं राहून गेलं.

पान मागच्या पत्र्यावर ठेवलं. विडी काकांनी न पेटवताच कडेला ठेवली होती, कारण बाबाने हळूच तसं सुचवलं होतं. आम्ही सगळे खिडकीशी उभे. कावळे समोरच्या वायरवर होते, एकही खाली येईना. आत वडे गार होत होते. पानाला कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवत नाही, आणि काकांना शुगर आहे.

"बापूस विडीसाठी अडलो आसा," काका म्हणाले. "पेटव ती."

"काका, तुम्हाला माहीत आहे ना, डॉक्टरने काय सांगितलंय?" मी म्हटलं.

"एका विडीन काय होता?"

"एकानेच होतं. तिने तेच सांगितलंय."

"चेडवा, तू गप रव."

आत्या मधे पडली. "अगं, वर्षातनं एकदा मागतो तो. जिवंतपणी कमी हाल झाले का त्याचे?"

मी पत्र्यावर हात घालून विडी उचलली आणि निरांजनावर धरली. टोक काळं झालं, एक लाल ठिपका आला आणि विझला. परत धरली. परत विझली. काका बघत होते. "ओढल्याशिवाय विडी पेटत नाय," ते म्हणाले.

"मग तुम्ही ओढा."

काकांनी जन्मात विडी ओढलेली नाही. ते म्हणाले, पान ज्याच्या घरचं त्याचाच हात लागतो, जणू त्यांच्या घरी आजवर त्यांनीच पेटवली होती.

"मग मी ओढते. घर माझंही आहे."

"शोभतं का?" आत्या ओरडली. "आजाच्या पानाला पोरगी विडी ओढणार! उद्या अख्ख्या गावात होईल. अरे, आवर रे हिला!"

 बाबा पुढे आला आणि माझ्या हातातून विडी काढून घेतली. "दे इकडे. जेवायची वेळ झालीय लोकांची," म्हणाला. काडी ओढली, विडी तोंडात धरली, झुरका घेतला. टोक लालभडक झालं. विडी पेटली होती. दुसऱ्या झुरक्याची काहीच गरज नव्हती. त्याने दुसरा घेतला आणि डोळे मिटले. मी आईकडे बघितलं. आई पानाकडे बघत होती.

कावळा तरीही आला नाही. शेजारच्या छपरावरची निळी ताडपत्री वाऱ्याने फडफडत होती, ती शेजारणीने विटा ठेवून दाबली. मग आला. तोवर विडी विझून गेली होती. काकांनी हात जोडले आणि म्हणाले, "बघा, घेतलान." मी ताडपत्रीचं सांगितलं. कुणीही ऐकलं नाही, सगळे भुकेले होते.

त्या संध्याकाळी बाबा दूध आणायला गेला आणि पुढच्या पायऱ्यांनी गेला. दसऱ्यापर्यंत तो लपवत होता. नंतर लपवेनासा झाला. डॉक्टरकडे जायचं टाळायला लागला, कारण ती ओळखणार. दिवाळीनंतर थंडी पडली आणि ते बोट परत दुखायला लागलं, मग निळं पडलं, मग काळं. शेजारच्या बोटालाही लागण झाली. डाव्या पायाची ती दोन्ही बोटं काढावी लागली. डॉक्टर त्याला रागावली नाही. तिने फक्त विचारलं, "काका, परत कशी सुरू झाली?" बाबा म्हणाला, "घरात कार्य होतं." तिला वाटलं लग्न असेल.

काका शहाळी घेऊन बघायला आले. बँडेजकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माका वाटला, एकान काय होता."

"तसं नाही दादा," बाबा म्हणाला. "तू घाबरला होतास."

मला काही कळेना. मग दोघं आजोबांच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलायला लागले, आणि हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. आजोबांची छाती पार गेली होती. डॉक्टरांनी विडी बंद केली होती. ते हाताने खूण करून मागायचे, आणि काका द्यायचे नाहीत. काकांनीच उशाखालचं बंडल काढून फेकलं होतं. त्यातच ते गेले. तेव्हापासून दरवर्षी पानावर विडी.

"मीच नाय म्हटलंय तेंका," काका म्हणाले आणि रडायला लागले. वॉर्डातली माणसं बघायला लागली.

बाबा म्हणाला, "बरोबर केलंस तू. आणि खरं सांगू? शेवटच्या दिवशी तो विडी मागतच नव्हता. त्याला कुशीवर व्हायचं होतं. मी वळवला, तेव्हा शांत झाला."

मला काकांची दया आली. आणि रागही तेवढाच राहिला, तो मी लपवणार नाही. मेलेल्या बापाची समजूत काढायला जिवंत भाऊ कशाला लागतो? हे मी तिथेच म्हटलं. बाबा म्हणाला, "झालं तुझं? शहाळं फोडायला सुरी बघ."

बाबाने परत सोडली आहे. या वेळी कुणाला सांगितलं नाही, च्युइंगगमही घेतलं नाही. टेकडी काठी घेऊन चढतो. उरलेला पाय वाचेल का, यावर डॉक्टर "बघू" म्हणते. यंदा पान घाटकोपरला काकांकडे आहे. विडीचं काय करणार, हे मी फोन करून विचारलं. काका म्हणाले, "बघूया." एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीवर सगळीकडून हेच उत्तर, म्हणून हे लिहायला बसले.

तुमच्याही घरी पान वाढतात. विडी असेल, सिगारेट असेल, तंबाखूची पुडी असेल. ती बंद करा. आणि पान वाढल्यावर बोलू असं ठरवू नका, मी बोलून बघितलंय. त्या वेळी सगळे भुकेले असतात, कावळा वायरवर असतो आणि कुणीच ऐकत नाही. घरात ज्याचा शब्द चालतो त्या माणसाला आज फोन करा. काकांना, आत्याला, जो कोणी असेल त्याला. सरळ सांगा: आमच्या माणसाने सोडली आहे, त्याच्या हातात द्यायची नाही. "एकाने काय होतंय" म्हणाले तर फोन ठेवू नका. हो म्हणेपर्यंत धरून ठेवा.