ओव्याची धुरी आणि लपवलेलं बाळ

ती केस आजही आठवते, आणि आठवली की नाकात ओव्याची धुरी शिरते. ऐंशीच्या दशकात मी दहिसरला सबइन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी आटोपून चहा घेतो न घेतो, तोच महापालिकेच्या दवाखान्यातल्या नर्सबाई ठाण्यात आल्या. वस्तीत बाळ जन्मलं की पहिल्या आठवड्यात घरी जाऊन त्याला बघायचं, हे त्यांचं काम.

"साहेब, पलीकडच्या चाळीतल्या एका बाईचे दिवस भरले होते. आज पोट रिकामं, आणि सासू म्हणते बाळच नाही! तिची आधीची दोन बाळं गेली, तेव्हाही मला कळलं ते गेल्यावरच. तुम्ही चला."

संशय वाईट होता. ठाणे अंमलदाराला डायरीत नोंद घ्यायला सांगितली, महिला शिपाई सोबत घेतली आणि निघालो.

सासू मालवणकडची. दारातच उभी. "आमच्याकडे कोण जन्माक येवक नाय, सायबानू."

सून भिंतीकडे तोंड करून पडलेली. खोली धुंडाळली, काही नाही. खोदून खोदून विचारलं, तरी सासूचं एकच पालुपद, बाळ नाही. पण लपवणारा माणूस मधूनमधून लपवल्या जागेकडे बघतोच. सासू शेजारच्या दाराकडे बघत होती, आणि तिकडूनच ओवा-बाळंतशेपाचा वास येत होता. माझ्या घरी नुकतंच बाळंतपण झालेलं, त्यामुळे तो वास ओळखायला वेळ लागला नाही. त्या खोलीत साठीची एक मावशी एकटी राहायची.

"मावशी, या वयात धुरी कुणाला हो?"

मावशीला रडूच फुटलं. तिच्या मांडीवर गोधडीत इवलीशी मुलगी होती. मावशीची सगळी पोरं जगलेली, म्हणून सासूने मूठभर कोंडा घेऊन नात तिला 'विकली' होती. आमची नाहीच म्हटलं की नजर लागणार नाही! पाचवी पुजेपर्यंत कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं.

"सकाळपासून तोंड लावत नाही हो," मावशी म्हणाली.

नर्सबाईंनी बाळाच्या तळपायाला हात लावला. "अरे देवा, गार पडलीय. आत्ताच्या आत्ता न्यायला हवी!" त्यांनी मुलगी आईच्या उघड्या छातीशी धरायला लावली, वरून गोधडी गुंडाळली आणि जीप बोरिवलीच्या इस्पितळाकडे निघाली.

"साहेब, ही पण जाईल का हो?" आईने मला विचारलं. भल्याभल्यांना दम देणारा मी, नुसता ड्रायव्हरला 'जोरात घे' म्हणत राहिलो.

"या वेळी वेळेत कळलंय ना? मग रडू नको, घट्ट धर तिला," नर्सबाई म्हणाल्या.

पोरगी वाचली. सासूवर कुठलं कलम लावणार? नातीवरच्या मायेपोटी म्हातारीने तिला जवळजवळ घालवली होती. गुन्हेगारच लपवतात असं समजणारा मी, त्या दिवसापासून आधी समोरच्याची भीती बघायला शिकलो.

काही आठवड्यांनी तीच म्हातारी धापा टाकत ठाण्यात आली. "सायबानू, आमच्या मागल्या बिऱ्हाडात चेडू झाला! नर्सबाईक कळवा."

अंमलदार वैतागला. "आजी, कुणाला मुलगी झाली ते इथे कशाला? हे पोलीस ठाणं आहे, दवाखाना नाही."

"माका ठावक आसा. पण फोन तुमच्याकडेच आसा मां?"

मी हसत फोन उचलला. माझी बदली होईपर्यंत वस्तीत कुणाकडे मूल झालं की म्हातारी हजर. आमच्या ठाण्यात खबर यायची ती बहुतेक सगळं होऊन गेल्यावर, पंचनाम्यापुरती. म्हातारी दारात दिसली की मात्र मी हातातला चहा ठेवून आधी फोन फिरवायचो. तिच्या खबरीतलं माणूस अजून जिवंत असायचं.