मजबूत कॅरिअर

नातवाच्या नव्या सायकलला मडगार्ड नाही, कॅरिअरही नाही. तिच्या कोऱ्या टायरांचा वास आला आणि मला ओतूरचं सायकलचं दुकान आठवलं.

गावात शाळा सातवीपर्यंतच. आठवीसाठी वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, मला जुनी सायकल घेतली होती. मिस्त्रीचाचांनी मडगार्डं बसवली, कॅरिअरचे नट आवळले. अण्णा त्यावर स्वतःच बसून हिसके देऊ लागले.

"अण्णा, दप्तराला एवढं मजबूत कशाला?"

"मागं मंदा बसणार हाय. तिची शाळा बंद करीत व्हते. मी बोलून आलोय."

शेजारची मंदा तीन वर्षं माझ्यामागे बसून आली, पुढे नर्स झाली. एरवी मोजकंच बोलणारे अण्णा तिच्या घरी काय बोलले असतील? परवा मंदाला विचारलं. तिलाही ठाऊक नाही.