लव्हाळीचा जबाब

मांडवगण फराट्याच्या खालच्या अंगाला, रस्ता आणि भीमा यांच्या मधे एक खोलगट जागा होती. गावात तिला लव्हाळ म्हणायचे, कारण लांबून लव्हाळ्याशिवाय तिथं काही दिसायचंच नाही. आत मात्र पाणी असायचं. वैशाखात विहिरींचे तळ उघडे पडले तरी लव्हाळीच्या पोटात म्हशीच्या गळ्यापर्यंत चिखलपाणी टिकायचं, आणि त्यात चाचांच्या म्हशी बसलेल्या असायच्या. हिरवा चारा तिथंच, डुंबणं तिथंच. जमीन सरकारी होती. चाचांना कधी कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

चाचा माझ्या मामांचे शेजारी. त्यांच्या बारा म्हशींचं दूध मोटारसायकलला कॅन बांधून दौंडच्या रेल्वे कॉलनीत जायचं. आम्ही त्या कॉलनीत राहायचो. वडील रेल्वेत फिटर होते, पण त्यांचं खरं काम ड्यूटीनंतर सुरू व्हायचं. ते पत्रकं लिहायचे. बढतीत डावललेल्या गँगमनसाठी, कॉलनीतल्या तुंबलेल्या गटारासाठी, बंद पडलेल्या पाण्याच्या मोटारीसाठी. आमच्या घरात जेवणाआधी जमिनीवर पसरलेली पत्रकं गोळा करावी लागत, कारण शाई वाळायला त्यांना तीच जागा होती. मला वाचायला शिकवलं ते त्या पत्रकांनी. त्यामुळे वाक्य उद्गारचिन्हाशिवाय संपू शकतं, हे मला फार उशिरा कळलं.

नव्वदच्या दशकात आमच्या भागात कारखाने येत होते, तेव्हाची गोष्ट. एका कारखान्यासाठी बारमाही पाण्याच्या जागा शोधत काही माणसं नदीकाठच्या गावांतून फिरायला लागली. मामा घाबरून दौंडला आले. वडिलांनी त्याच दिवशी पत्रक लिहिलं: मोजायला येणाऱ्याला पाणी दाखवू नका! पीक सांगू नका! जनावरं सांगू नका! गावानं ते अक्षरशः पाळलं. माणसं आली, रिकाम्या हातानं परत गेली, आणि कारखाना दुसरीकडे झाला. तो पत्रकामुळे गेला की आणखी कशामुळे, देव जाणे. पण गावानं श्रेय वडिलांना दिलं आणि चाचांनी महिनाभर आमच्या दुधात वरचं माप घातलं. खरं तर सरकारी माणसापुढं आपलं आहे ते नाही म्हणायची सवय गावाला आधीपासून होतीच. कचेरीतला माणूस दिसला की आमच्याकडे विहीर आटते, म्हैस भाकड होते आणि ऊस वाळतो. वडिलांनी त्या सवयीला छापील कागद दिला, एवढंच.

पुढं दहाबारा वर्षांनी मी कॉलेज संपवून पुण्याला एका लहानशा मासिकात लिहीत होते. तिथं माझ्या हाती एका परिपत्रकाची झेरॉक्स आली. पाणथळ जागा ठरवायची रीत बदलणार होती. आधी पावसाळ्यानंतर माणूस येऊन जागा बघायचा, पंचनामा करायचा, आणि फाइल जिल्ह्याला जाऊन बहुतेक वेळा तिथंच पडून राहायची. आता पाणथळ जागांची यादी आकाशातून काढलेल्या फोटोवरून होणार होती. फोटोत मोठं, उघडं पाणी दिसलं तर प्रश्नच नाही. जागा लहान असेल किंवा पाणी झाडोऱ्याखाली असेल तर माणसं गावात येणार आणि विचारणार: पाणी किती महिने टिकतं, जनावरं येतात का, पक्षी येतात का, गावाला त्याचा उपयोग काय. त्या जबाबावर सगळं ठरणार. यादीत आलेल्या जागेत भराव नाही, खोदकाम नाही, वाटप नाही. यादीतून राहिली ती जागा पडीक, म्हणजे मागेल त्याला देता येणारी.

मला ते वाचून संताप आला होता. मोठ्या तलावाला कुणी काही विचारणार नाही, लहान दलदलीनं मात्र साक्षीदार आणायचे. हा कुठला न्याय? मी तसं मासिकात लिहिलंही. आमच्या मासिकाचे वाचक माझ्याशी सहमत होते. ते नेहमीच सहमत असत.

पण लव्हाळीचं काय, हा प्रश्न होता. तिचा फोटो उन्हाळ्यातला होता आणि त्यात नुसता हिरवा ठिपका दिसत होता. म्हणजे गावाच्या जबाबावरच तिचं नशीब होतं. आणि गावात बातमी होती की वीटभट्टीवाल्यांनी त्या जागेसाठी अर्ज केलाय. खालची गाळाची माती विटांना उत्तम.

मग मी वडिलांच्या मुलीनं करावं तेच केलं. पत्रक लिहिलं. ‘सरकार आपल्या पाण्याची मोजदाद करायला येत आहे!’ ही पहिली ओळ, ठळक, काळ्या चौकटीत. त्याखाली दोन पानं: नवी रीत काय, जबाबाचं महत्त्व काय, या वेळी पाणी सांगायचं, म्हशी सांगायच्या, बगळे, पाणकोंबड्या सगळं सांगायचं. पारावर ते वाटलं. लोकांनी डोक्याला लावून खिशात ठेवलं. मामांना मी विचारलं, “वाचलं ना सगळ्यांनी?”

“वाचलं की. मोजायला येनार म्हंजी काय करायचं, ते गावाला आता शिकवाय लागतं व्हय?”

मी तेव्हा हे ऐकून खूश झाले. ही चूक कुणाच्या माथी मारता येत नाही.

माणसं आली ती चैत्रात. मी पुण्याहून निघाले तेव्हा गाडी यवतच्या पुढं बराच वेळ उभी राहिली, आणि पुढं एसटीही चुकली, त्यामुळे पोचले तेव्हा अर्धं काम उरकलं होतं. रस्त्याच्या कडेला एक जीप. एक तरुण मॅडम, कंत्राटावरच्या असाव्यात, हातात पॅड धरून उभ्या होत्या. त्यांच्यासोबत एक सहायक आणि तलाठी. समोर गावातले सातआठ जाणते, मधे सगळ्यात वयस्कर आबा, आणि एका बाजूला हात मागं बांधून चाचा. एकही म्हैस दिसत नव्हती. नंतर कळलं, पहाटेच त्यांनी सगळ्या म्हशी लांब पलीकडच्या उसात नेऊन बांधल्या होत्या.

“पाणी किती महिने असतं आबा?” मॅडम विचारत होत्या.

“पानी?” आबांनी असं विचारलं की जणू हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. “पावसाळ्यात घोट्याएवढं. दिवाळीला धुरळा उडतो.”

“पण हे सगळं हिरवं आहे.”

“लव्हाळा हाय तो मॅडम. त्येला काय, दगडावर बी येतो.”

मॅडम दोन पावलं आत गेल्या आणि त्यांचा बूट चिखलात रुतला. मग मामा म्हणाले, “काल पाइप फुटला आमचा. त्येचं पानी आलंय हितवर.”

“आन् फुडं जाऊ नगा,” आबा घाईनं म्हणाले. “साप हायती. परवाच एकाला डसलाय.”

“कुणाला?” तलाठ्यानं विचारलं.

“पाव्हना हुता.”

मागं कुणीतरी हसू दाबलं. मी पुढं झाले. म्हणाले, “मॅडम, हे खरं नाही. इथं बारमाही पाणी असतं. मी लहानपणापासून बघतेय.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. थकलेला, प्रामाणिक चेहरा होता त्यांचा. “तुम्ही इथल्या रहिवासी आहात का?”

“नाही. दौंडची.”

“मग तुमचा जबाब मला घेता येत नाही ताई. नमुन्यात तसा रकानाच नाही.”

मी चाचांकडे वळले. सगळ्यांत जास्त त्यांचंच जाणार होतं, त्यामुळे ते तरी बोलतील अशी माझी खात्री होती. “चाचा, तुम्ही सांगा. तुमच्या म्हशी रोज कुठं असतात? खरं सांगा.”

चाचांनी मला डोळा मारला. मग मॅडमकडे वळून अतिशय गरीब आवाजात म्हणाले, “म्हशी कुठल्या मॅडम? दोन हायत्या, त्या दारात बांधलेल्या. हिकडं आनून काय खुरं कुजवायची हायत का?”

“पक्षी?”

“कावळं,” आबा म्हणाले. आता मात्र सगळेच हसले. मॅडमसुद्धा थोडं हसल्या आणि लिहून घेतलं.

पाच पंचांनी अंगठे आणि सह्या केल्या. जीप गेली. धूळ खाली बसायच्या आत चाचा माझ्याजवळ आले. त्यांचा चेहरा उजळला होता.

“पोरी, तुझ्या वडलांनी शिकवल्यालं इसरलो न्हाई बघ. तू तर लईच भारी केलंस. मधी येऊन ‘खरं सांगा, खरं सांगा’ करीत हुतीस, आमास्नी वाटलं खरंच रागावली ही!”

“चाचा, पत्रक वाचलंत का?”

“वाचलं की. सरकार पानी मोजाय येतंय. काळ्या चौकटीत.”

“त्याच्या खालचं?”

त्यांनी खिशातून पत्रकाची घडी काढली. मी बांधावर बसून त्यांना ते सगळं सावकाश सांगितलं, एकदाही आवाज न चढवता. पत्रकात मी असं का लिहिलं नव्हतं, ते आजही मला सांगता येणार नाही. चाचा शेवटी एवढंच म्हणाले, “म्हंजी मोजून घ्यायचं हुतं?” आणि उसातनं म्हशी सोडायला गेले.

त्या आठवड्यात मी दौंडला घरी गेले. वडील तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांना सगळं सांगितलं. “त्या वेळी तेच बरोबर होतं,” ते म्हणाले. मी हो म्हटलं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

मग हरकतीचा अर्ज. पुढच्या दीड वर्षात त्या अर्जाच्या मागं मी किती वेळा कचेऱ्यांच्या पायऱ्या चढले ते आता आठवत नाही. बाकं मात्र आठवतात. एका ठिकाणी मला सांगितलं, फेरतपासणीची तरतूद आहे, पण गावानं आधीचा जबाब बदलून दिला पाहिजे. मी गावात गेले. आबा म्हणाले, “म्हंजी आधी खोटं बोललो, असं लिवून देऊ? मग केस कुनावर?” त्यांचं चुकत नव्हतं. तसा धाक तलाठ्यानं घातलाच होता. मामांनी माझी नजर चुकवली. माझ्या तोंडून त्या दिवशी बरंच वाईट निघालं, भित्रे वगैरे. आता ते शब्द परत घेता आले तर घेईन. केसची भीती त्यांना होती. मला नव्हती, आणि त्याचं कारण मी धीट होते हे नव्हतं.

एकटे चाचा तयार झाले. माझ्यासोबत कचेरीत आले, स्वच्छ पांढरा सदरा घालून. बारा म्हशी, बारमाही पाणी, तीस वर्षं, असा खरा जबाब त्यांनी दिला. लिहून घेणाऱ्या माणसानं मान वर केली आणि विचारलं, “तीस वर्षं सरकारी जमिनीत जनावरं चारताय, परवानगी आहे का?” चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी लगेच नियम सांगायला लागले. चाचांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “लिवा सायेब. चारतोय म्हून लिवा.” सही केली. पण एका माणसाच्या जबाबावर फेरतपासणी होत नाही, असं उत्तर काही महिन्यांनी आलं, आणि त्याच्याआधी आली ती परवानगीशिवाय चराईची नोटीस. तोवर परिपत्रकात आणखी एक दुरुस्ती झाली होती. लहान जागांसाठीचे प्रश्नच त्यातून काढून टाकले होते; लहान जागा आता यादीसाठी धरणारच नव्हते. मी ती वाचली आणि घडी घालून ठेवली. त्यावर लिहायला मला मासिकातून दोनदा सांगितलं. लिहिलं नाही.

यादी लागली. तिच्यात लव्हाळ नव्हती.

चर खणायला यंत्र आलं ते माघात. नदीच्या बाजूनं एक खोल चर काढला आणि दोन दिवसांत सगळं पाणी भीमेत उतरलं. मी पोचले तेव्हा म्हशी सवयीनं आत जाऊन उभ्या होत्या, गुडघाभर चिखलात, आणि बसावं की नाही ते त्यांना ठरवता येत नव्हतं. भट्टीवाल्यांचा मुकादम हिंदीत ओरडत होता. चाचांनी त्याला हात दाखवून थांबवलं आणि एकेकीला हाक मारून बाहेर काढलं.

कासुर्डीला त्यांच्या मेहुण्याकडे कालव्याची जागा होती. तिथं सहा म्हशींची सोय होणार होती. उरलेल्या सहांचं काय ते मी विचारलं नाही.

टेम्पो दारात लागला होता. पाच चढल्या. सहावी, सगळ्यात म्हातारी, फळीवर पाय ठेवेना. चाचा पुढून दोरी धरून, त्यांचा मुलगा बाजूला.

“चाचा,” मी म्हटलं, “पुन्हा कुणी विचारायला आलं तर...”

“तर काय सांगायचं?” त्यांनी दोरी ढिली न करता विचारलं. चेष्टा नव्हती त्यात. त्यांना खरंच हवं होतं उत्तर, आणि ते मलाच विचारत होते, पत्रकं लिहिणाऱ्या घरच्या पोरीला.

मी म्हटलं, “खरं सांगायचं.”

“कासुर्डीत?”

कालव्याच्या कडेची ती जागाही सरकारीच होती, मला माहीत होतं. त्यांनाही.

“बरं,” चाचा म्हणाले, “तू मागनं जरा रेट दे.” मी म्हशीच्या मागं गेले, दोन्ही हात लावले आणि ढकलायला लागले.