दुसऱ्या तात्यांचा वाटा

"...अरे, तात्या लॅबमध्ये सॅम्पल देऊन आलेत. आता हुबेहूब दुसरे तात्या तयार झाले की जमीन सगळी त्यांच्या..."

एवढ्यात लिफ्टचं दार बंद झालं. फोनवर बोलणारा तात्यांचा विलास वर गेला आणि मी भाजीची पिशवी घेऊन खालीच. गुडघे दुखत असताना जिन्याने चौथा मजला गाठला, तोवर त्याचा फोन संपला होता. "काय काकू, लिफ्ट बंद आहे का?" असं मलाच विचारून तो घरात गेला.

आमच्या मोशीच्या बिल्डिंगमध्ये किस्से असे अर्धेच हाती लागतात. उरलेला अर्धा मिळवताना आणखी दोन मिळतात. माळ्यावरच्या जुन्या भांड्यांसारखे साठलेत. टाकवत नाहीत, आणि पाहुणे आले की काढून दाखवावेसे वाटतात. त्यातले हे तात्यांचे.

*

आधी घर सांगते. आमची बिल्डिंग उभी आहे ती तात्यांच्याच रानात. बिल्डरने बदल्यात फ्लॅट दिले, ते दोन्ही मुलांकडे आहेत. चाकणकडे अजून तीन एकर शिल्लक आहे, आणि आता शेजारून कंपन्यांचा मोठा रस्ता गेलाय. थोरला दत्ता म्हणतो, गोडाऊन बांधू. धाकटा विलास म्हणतो, विकून टाकू. दोघांचं एकमत फक्त एका गोष्टीवर. बहिणीची, मंगलची, हक्कसोडीवर सही आधी घ्यायची.

मंगल दापोडीला राहते, तळवड्याच्या एका वर्कशॉपमध्ये गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. नवऱ्याची कंपनी बंद पडल्यापासून घर तिच्यावरच आहे. तिने एकदा दबकत विचारलं होतं, त्या तीन एकरांत मला काही मिळेल का. दत्ता प्रेमाने म्हणाला, "अगं, तुझं माहेर हाय की."

*

तर एका जेवणात गोडाऊन की विक्री यावरून दोघे भाऊ इतके पेटले की आमटीचं पातेलं दोन्हीकडून ओढलं गेलं. तात्या मोबाइलवर मेंढीचा व्हिडिओ बघत होते. एका मेंढीपासून हुबेहूब दुसरी मेंढी. ते शांतपणे म्हणाले, "माणसाचंबी जमतंय म्हणं आता. मी दुसरा तात्या करून घेतो आन् जमीन त्याच्याच नावावर करतो. तुमी बसा भांडत."

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी ते लॅबमध्ये जाऊन आले.

राहवेना म्हणून मी थेट विचारलं, "तात्या, खरंच सॅम्पल दिलंत?"

"व्हय. दिलं की," म्हणाले, आणि दंडावरचा कापूस दाखवला. पुढचं मी विचारलं नाही. म्हणजे विचारलं, पण त्यांनी सांगितलं नाही.

*

पार्किंगमध्ये त्या आठवड्यात दुसरा विषयच नव्हता. क्लोन म्हणजे मुलगा, भाऊ की स्वतः तात्याच? आमचे सेक्रेटरी देसाई कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्शनला होते. त्यांनी निकाल दिला, "पार्ट तोच. बॅच वेगळी. पास करावाच लागेल." मग पुढचा प्रश्न, त्याला वेगळं पार्किंग द्यायचं की तात्यांच्याच जागेत लावायला सांगायचं. यावर मीटिंग बोलवायचं ठरलं.

सगळे फार मोठ्या मनाचे झाले होते. बिचाऱ्याने जन्म मागून घेतला नाही, शंभर टक्के रक्त तात्यांचं, त्याला वाटा नाही म्हणणं माणुसकीला धरून नाही, वगैरे. मी म्हटलं, पन्नास टक्के रक्तवाली एक दापोडीला आहे, तिचं काय?

मग देसाई म्हणाले, "वहिनी, विषयाला फाटे फोडू नका."

*

दत्ताची बायको शारदा माझ्याकडे येऊन रडकुंडीला आली. तिचा प्रश्न जमिनीचा नव्हता. दुसरे तात्या लॅबमधून तान्हे निघणार, म्हणजे सासऱ्यांना अंघोळ कोणी घालायची? आणि ते वीस वर्षांचे झाले, की साठीच्या सुनेने वाकून पाया पडायचं?

"आत्ताच्या एका तात्यांना दिवसात पाच वेळा चहा लागतो काकू," ती म्हणाली.

मी तिला पाणी दिलं.

*

विलासने मात्र कहर केला. तो सरळ तलाठ्याकडे गेला. क्लोनची वारसनोंद थांबवायला आगाऊ हरकत घेता येते का, हे विचारायला. तलाठी जाणता माणूस होता. त्याने हसू न आणता पेन उघडलं आणि विचारलं, वडिलांचं नाव काय लावणार?

विलास म्हणाला, तात्यांचं. तलाठी म्हणाला, जसाच्या तसा तात्याच असेल तर त्याचा बाप तुमचा आजोबा. म्हणजे तो तात्यांचा भाऊ झाला. म्हणजे तुमचा चुलता. जमीन वडिलोपार्जित आहे ना?

वडिलोपार्जित जमिनीत चुलत्याचा अर्धा हिस्सा! विलास तिथेच बाकावर बसला. तलाठ्याने पेन बंद केलं. "घाबरू नका. आधी जन्मू द्या. जन्मदाखला आणा, मग बघू."

*

त्या दिवसापासून दोघे भाऊ एक झाले. बारा वर्षांत पहिल्यांदा एकाच मोटारसायकलवर बसून वकिलाकडे गेले. कायद्यात क्लोनचा कुठे उल्लेख नाही, असं वकील म्हणाले. दत्ता म्हणाला, "नाही ना? मग आपणच घालू." चुलता म्हणून अर्ध्यावर किंवा खुद्द तात्या म्हणून सगळ्यावर तो बसायच्या आत त्याला वाटणीपत्रातच बांधून टाकायचं, असं ठरलं. कलम दोघांनी शेजारी बसून लिहून घेतलं:

"तात्यांच्या रक्ताचे जे कोणी आज हयात आहे, किंवा पुढे कोणत्याही प्रकारे जन्मास येईल, मुलगा असो वा नसो, त्या प्रत्येकास समान वाटा राहील. त्याहून जास्त कोणीही मागणार नाही."

'मुलगा असो वा नसो' हे विलासने मुद्दाम घालायला लावलं. उद्या क्लोन म्हणाला, मी मुलगा नाहीच, मला हे लागू नाही, तर?

*

रविवारी सकाळी दत्ताच्या हॉलमध्ये सह्या होत्या. मला साक्षीदार म्हणून बोलावलं. न बोलावताही मी गेलेच असते, हे त्यांना ठाऊक होतं.

मंगल डब्यात धपाटे घेऊन आली होती. शारदाने तिच्या मांडीवर साडीची पिशवी ठेवली. हक्कसोडीच्या सहीला बहिणीला साडी देतात, आमच्याकडे तशी रीतच आहे. साडी चांगली होती, काठ रुंद होते.

वाटणीपत्रावर आधी तात्यांनी सही केली. एरवी लाइटबिलही तीनदा वाचून घेणारा माणूस, पण त्या दिवशी एका दमात केली. मग दत्ताने, मग विलासने. मग मी.

वकिलांनी दुसरा, हक्कसोडीचा कागद मंगलपुढे सरकवला. ती म्हणाली, सही करते, पण आधी तुमच्या सह्या कशावर झाल्या ते वाचू का? दत्ता म्हणाला, वाच की, तुझ्यापासून काय लपवायचंय.

मंगल सातवी शिकलेली. बोट ठेवून एकेक शब्द वाचते. 'मुलगा असो वा नसो' इथे तिचं बोट थांबलं. ते तिने मागे नेलं आणि परत वाचलं, या वेळी मोठ्याने. वकिलांनी चष्मा काढला. तात्या पंख्याकडे बघत होते.

विलास त्यांच्याकडे वळला. "तात्या, ते लॅबमधलं सॅम्पल..."

"शुगरचं व्हतं," तात्या म्हणाले. "वाढली हाय."

मंगलने हक्कसोडीच्या कागदाची घडी घातली, साडीच्या पिशवीत ठेवली आणि पिशवी शारदाच्या हातात दिली.

"वहिनी, ही नीट ठेवून द्या. दुसरे तात्या आले की त्यांना नेसवा, आणि सही घ्या."