मी ओ दिली नाही

मी आखाडा बाळापूरचा फ्रिज मिस्त्री. भूतबित म्हटलं की मला हसू येतं... म्हणजे यायचं. मशीन बंद पडलं की कारण सापडतंच, एवढंच मी मानायचो!

मागच्या हिवाळ्यात ईसापूर धरणाच्या काठावरच्या एका मासेमार वस्तीत गेलो होतो, मासोळीचे व्यापारी रज्जाकभाई यांचा डीप फ्रीजर बसवायला. आडवळणी जागा, मोबाईलला रेंज नाही. पण वस्ती झकास... भोयांची घरं, बंजारा तांड्यावरून आलेली माणसं, तेलुगू बोलणारे जाळेवाले, सगळे एकमेकांच्या भाषेत शिव्या देणारे!

मुक्काम पडला. सकाळी गंगारामकाका भोई जाळं काढायला निघाले, तर मी हट्टानं त्यांच्या थर्माकोलच्या तराफ्यावर बसलो. मधोमध गेलो आणि धुकं असं दाटलं, की काठ कुठं तेच कळेना.

"भिऊन नका राहू, मिस्त्री," काका म्हणाले. "आता घरून आवाज येतील."

तशी रीतच आहे तिथं. धुकं पडलं की प्रत्येक घर आपल्या माणसाला आपल्या आवाजानं बोलावतं. तेलुगू घरातून शिट्टी, तांड्यावरची बाई गोरमाटीत हाक मारते, काकांची बायको थाळी वाजवते. ज्यानं त्यानं आपला आवाज धरून काठाला यायचं.

थाळी ऐकू आली. काकांनी तराफा वळवला. तेवढ्यात मागून — खोल पाण्याच्या बाजूनं —

"बंड्याऽऽ! कुठं हायेस रे? ये लवकर, भाकर गार होऊन राहिली!"

सर्रकन काटा आला अंगावर. वस्तीत मला सगळे मिस्त्रीच म्हणत. बंड्या म्हणणारी एकच होती, माझी आई. तिला जाऊन दोन वर्षं झाली.

मी ओ द्यायला तोंड उघडलं, तर काकांनी त्यावर हात दाबला.

"ओ देऊ नका! तिकडं कोणाचंच घर न्हाई."

"तुमाला बी ऐकू आलं?"

"व्हय." काका हळूच म्हणाले, "बंड्या कोण हाय?"

मी माझ्याच छातीवर बोट ठेवलं. काका थाळीच्या रोखानं तराफा हाणत राहिले. हाक आणखी दोनदा आली. शेवटची रडवेली होती. काठ लागला तशी ती थांबली.

धुक्यात आवाज फिरतो म्हणतात. फिरत असेल बुवा! पण बंड्या...? भाकर...? कारण मला अजून सापडलेलं नाही. काका म्हणतात, ओ दिली असती तर माघारी आले नसते तुमी. खरंही असेल.

पण लहानपणी मी ओ दिली नाही की आई रागवायची नाही, घाबरायची. गल्लीभर शोधत फिरायची बिचारी. आता धुकं पडलं की जीव नुसता तुटतो... ती खरंच आई असेल, तर अजून मला शोधून राहिली असेल का?