बाबांच्याच हाताला बसणारं बटण

बाबा बोटीवर नोकरीला असताना त्यांनी आणलेला स्टीरिओ आमच्या रत्नागिरीच्या घरात अजून आहे. पुढे ओळीने बटणं: रेडिओ, रेकॉर्ड, टेप. एक दाबलं की दुसरं आपोआप वर यावं, अशी मूळ योजना. खाऱ्या हवेने ती केव्हाच मोडीत काढली होती. बटण दाबलं तर एकाच स्पीकरातून आवाज येई, नाहीतर दोन्हींतून नुसती खरखर.

यावर बाबांनी स्वतःची पद्धत बसवली होती. बटण अंगठ्याने अर्धं दाबायचं, खोक्याच्या डाव्या अंगाला बोटाच्या पेराने टकटक करायचं, श्वास रोखायचा आणि फटीत एसटीच्या तिकिटाची घडी खुपसायची. "ह्याला हात लागतो," असं ते म्हणत, आणि तो हात घरात फक्त त्यांनाच होता.

अडचण आईची होती. दुपारची भांडी आवरली की तिला मामाच्या भजनांची कॅसेट ऐकायची असे. मामा म्हणजे तिचा राजापूरचा भाऊ. त्याचा घसा आजारपणात गेला, त्यामुळे आता त्याचा आवाज उरलाय तो त्या कॅसेटमध्येच. "अहो, जरा लावता का?" असं आईने विचारलं की बाबांना नेमकी झोप येई. उठलेच, तर टेपचं बटण त्या दिवशी हटकून रुसलेलं असे. बातम्यांच्या वेळी रेडिओचं बटण मात्र कधी अडलं नाही. मामा बेसूर गातो, असं बाबांचं लग्नापासूनचं मत आहे.

गेल्या वर्षी मी सुट्टीवर घरी असताना आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं. "उद्या ते पावसला कलमं बघायला जातायत. ते बटण माझ्या हाताला बसेल असं कर. मी बाहेर कुंपणाच्या गडग्याशी उभी राहून लक्ष ठेवते."

प्लग काढून मी झाकण उघडलं. आत तिकिटंच तिकिटं. चिपळूण, राजापूर, पावस; बाबांचा सगळा प्रवास तिथे साठला होता. शिवाय खोबरेल. आमच्याकडे दाराच्या बिजागरीपासून माणसाच्या गुडघ्यापर्यंत जे कुरकुरेल त्याला तेच औषध. बाबांनी ते बटणांनाही मनसोक्त पाजलं होतं, आणि त्यावर धूळ बसून आत चिक्कीसारखा थर जमला होता. तो मी खरवडला, बटणांच्या आतल्या काळ्या पडलेल्या पट्ट्यांवर सफाईचा स्प्रे मारला आणि बटण दाबत-सोडत बसलो. अंगठा सुजला, पण बटण सुधारलं.

संध्याकाळी बाबा आले ते थेट बातम्या लावायला. अर्धं दाबलं, टकटक केलं, श्वास रोखला. बटण सरळ वर आलं. पुन्हा तेच. तिकिटाची घडी तर फटीतून आतच पडली.

"कोणी उघडलान हा?" बाबा कडाडले. "वाट लावलीत सगळी!"

आई पदराला हात पुसत आली. तिने मामाची कॅसेट घातली आणि एका बोटाने टेपचं बटण पार आतपर्यंत दाबलं. खट्. दोन्ही स्पीकरांतून मामा दणक्यात सुरू झाला.

मामा खरंच बेसूर गातो. आवाज स्वच्छ झाल्यावर ते जास्तच कळलं. आईचे डोळे मात्र भरून आले, आणि इतक्या वर्षांच्या त्या टकटकीचा मला मनापासून राग आला.

बाबा हातातल्या दुसऱ्या तिकिटाकडे बघत उभे होते. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "म्हणजे आता माझं हितं काय काम नाय?"

"आहे ना. बसा नि ऐका," आई म्हणाली. "मी इतकी वर्षं बटण बसायची वाट बघत बसले. तुम्हाला एक कॅसेट संपेपर्यंत बसायला काय झालंय?"

बाबा बसले.